२६७ विरुद्ध ६२: कार्लाईलचा १९०७ चा फुटबॉल हंगाम कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाईल इंडियन स्कूलच्या (इंडियन म्हणजे इथे अमेरिकेतले मूलनिवासी) संघानं १९०७ मध्ये ११ पैकी १० सामने जिंकले, एकूण गुण २६७ विरुद्ध ६२. या आकड्यांवरून संघ किती भारी होता हे ठरवता येतं का? आणि एवढं करूनही त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता म्हणून त्याचं नाव का येत नाही?

थोडक्यात सांगायचं तर बेरजेवरून काहीच ठरवू नका. २६ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर या पाच शनिवारांत काय झालं ते पाहा, आणि ते पाहताना १९०७ चे नियम शेजारी ठेवा. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, कोल्हापुरात पेठापेठांत खेळला जातो तो नव्हे. शिवाय आज टीव्हीवर दिसणारा अमेरिकन फुटबॉलही नव्हे, आणि चुका होतात त्या इथेच.

आधी निकाल. लेबनन व्हॅली ४०–०, व्हिलानोवा १०–०, सस्क्वेहाना ९१–०, पेन स्टेट १८–५, सिरॅक्यूज १४–६, बकनेल १५–०, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ (पुढे नुसतं ‘पेन’) २६–६, प्रिन्स्टन ०–१६ (हा एकमेव पराभव), हार्वर्ड २३–१५, मिनेसोटा १२–१०, शिकागो १८–४.

आता याचे दोन तुकडे करा. पहिल्या सहा सामन्यांत कार्लाईलचे १८८ गुण आणि प्रतिस्पर्ध्यांचे ११. शेवटच्या पाचांत ७९ विरुद्ध ५१. एकट्या सस्क्वेहानाविरुद्धचे ९१ गुण म्हणजे अख्ख्या हंगामाच्या एक तृतीयांशाहून जास्त. तो सामना धरला तर सरासरी २४.३ येते, वगळला तर १७.६. त्या काळच्या कुठल्याही कॉलेज संघाचा तक्ता घ्या, सप्टेंबरमध्ये आसपासच्या लहान कॉलेजांना बोलावून हात साफ करून घ्यायचे आणि मोठे सामने ऑक्टोबरच्या शेवटी ठेवायचे हीच रीत दिसेल. सुरुवातीच्या सामन्यांत दोन्ही कर्णधारांच्या संमतीनं खेळाची वेळही कमी करत. नियमात तीस-तीस मिनिटांचे दोन भाग होते, पण वीस-वीस मिनिटांवर सामना उरकणं सर्रास चाले. म्हणून गुण लिहिताना शेजारी भागाची लांबी लिहा. वीस मिनिटांच्या भागातले ४० गुण आणि तीस मिनिटांच्या भागातले ४० गुण एका रांगेत बसत नाहीत.

गुण कसे मोजायचे? १९०७ मध्ये टचडाउनला (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार जाणं) ५, त्यानंतरच्या गोलला (लाथेनं चेंडू खांबांमधून घालणं) १, फील्ड गोलला (चालू खेळातून तशीच लाथ) ४ आणि सेफ्टीला (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवणं) २ गुण होते. फील्ड गोल १९०४ मध्ये पाचावरून चारावर आला, १९०९ मध्ये तीनावर. टचडाउनला सहा गुण १९१२ पासून. म्हणजे १९०३, १९०७ आणि १९१२ हे हंगाम थेट गुणांनी ताडून पाहता येत नाहीत. उदाहरणार्थ शिकागोविरुद्धचे १८ गुण: कार्लाईलच्या पीट हाउझरचे तीन फील्ड गोल (१२), एक टचडाउन (५) आणि त्यावरचा गोल (१). शिकागोचे ४ म्हणजे त्यांच्या स्टेफनचा एक फील्ड गोल. आजच्या मोजणीनं हाच सामना १६–३ होतो.

पण प्रत्येक वेळी नुसत्या निकालावरून असं उलगडता येत नाही. मिनेसोटाचे १० गुण किमान तीन रीतींनी होतात: टचडाउन, त्यावरचा गोल आणि एक फील्ड गोल, किंवा गोल हुकलेले दोन टचडाउन, किंवा दोन फील्ड गोल आणि एक सेफ्टी. हार्वर्डविरुद्धचे २३ हे चार टचडाउन व तीन गोल असतील, किंवा गोल हुकलेले तीन टचडाउन व दोन फील्ड गोल. त्यामुळे सामन्याचं खेळवार वर्तमानपत्री वर्णन हातात आल्याशिवाय ‘इतके टचडाउन केले’ असं लिहू नका. या काळाच्या आकडेवारीत शिरलेल्या बऱ्याचशा चुका अशा अंदाजाच्या भागाकारातून आलेल्या आहेत.

टचडाउननंतरचे गोल इतके का हुकत, हाही प्रश्न नवख्यांना पडतो. आज चेंडू मधोमध आणून ठेवतात. तेव्हा टचडाउन जिथे झाला त्या जागेपासून गोलरेषेला काटकोनात सरळ मागे यायचं आणि त्याच ओळीतून मारायचं. कोपऱ्यात टचडाउन झाला तर कोन इतका अरुंद होई की खांबांमध्ये चेंडू घालणं जवळपास अशक्य. त्यावर एक तोड होती. टचडाउन करणाऱ्या संघातल्या एकानं गोलरेषेवरून मैदानाच्या मध्याकडे पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला तो जमिनीला टेकायच्या आत मारलेली लाथ) मारायचा, सोबत्यानं तो हवेतच झेलायचा, आणि झेलला त्या जागेवरून गोलचा प्रयत्न करायचा. झेल सुटला की प्रयत्नच गेला. एकजण जमिनीवर आडवा होऊन चेंडू हातात अधांतरी धरी, आणि चेंडू जमिनीला टेकला रे टेकला की प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत. त्यामुळे ‘५ की ६’ यामागे बऱ्याचदा मारणाऱ्याच्या पायापेक्षा टचडाउनच्या जागेचा हात असे.

आता नियमांचा गाभा. खेळातली मारामारी आणि खेळाडूंचे मृत्यू इतके वाढले होते की ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ मध्ये नियम बदलले: पुढे फेकलेला पास कायदेशीर झाला, तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, पाचाऐवजी दहा यार्ड जाणं सक्तीचं झालं, आणि दोन्ही संघांच्या रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी ठेवायची ठरली. जड गडी मागे घेऊन सगळ्यांनी मिळून एकाच जागी धडक देण्याचे डावही आवळले गेले. रांगेतले मधले पाच, म्हणजे सेंटर (चेंडू मागे सोडून खेळ सुरू करणारा), दोन गार्ड आणि दोन टॅकल, यांना मागे उभं करायचं तर निदान पाच यार्ड मागे.

पण पास मोकळा झाला असं समजू नका, त्याच्या पायात बेड्या होत्या. १९०६ मध्ये कुणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला की चेंडू प्रतिस्पर्ध्याचा. १९०७ मध्ये हे सौम्य झालं, तरी पहिल्या किंवा दुसऱ्या डाउनला पास फुकट गेला तर १५ यार्डांचा दंड. हिशेब करून पाहा: दहा यार्ड हवे आहेत, पहिल्याच डाउनला पास पडला, आता उरलेल्या दोन डाउनमध्ये पंचवीस यार्ड काढायचे. शिवाय सेंटरच्या जागेपासून डावीकडे किंवा उजवीकडे निदान पाच यार्ड सोडूनच पासनं दोन्ही संघांमधली रेषा ओलांडायला हवी. पंचांना हे अंतर कळावं म्हणून मैदानावर उभ्या रेषाही मारत, आणि त्या काळच्या छायाचित्रांत मैदान चौकटी आखल्यासारखं दिसतं ते यामुळे. या उभ्या रेषा १९१० मध्ये गेल्या. एखाद्या छायाचित्रावर साल नसेल तर हा सोपा पुरावा आहे. गोलरेषेपलीकडे झेललेला पास टचडाउन धरला जात नसे; ती मुभा १९१२ ची. आणि पास घ्यायला धावणाऱ्याला चेंडू येण्याआधीच आडवं पाडायला त्या वेळच्या बचावाला फारशी आडकाठी नव्हती. हे शेवटचं लक्षात ठेवा, शिकागोच्या सामन्यात ते कामी येणार आहे.

चेंडूसुद्धा वेगळा होता. १९१२ मध्ये त्याचा मधला घेर साडेबावीस ते तेवीस इंचांवर आणला गेला. १९०७ चा चेंडू त्याहून बराच फुगीर, कलिंगडासारखा. एका हातात तो नीट मावत नसे. बहुतेक खेळाडू तो तळहातावर घेऊन ढकलत किंवा कोलांट्या खात जाईल असा फेकत, आणि तो वीस यार्डांच्या आत हवेत गटांगळ्या खाई. लेसवर, म्हणजे चेंडूच्या शिवणीच्या दोरीवर, बोटं ठेवून, सुटताना मनगटानं पीळ देऊन फेकला तरच तो स्वतःभोवती फिरत सरळ जातो.

प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्यांना सगळे पॉप वॉर्नर म्हणत, १९०७ मध्ये कार्लाईलला परत आले. आधी १८९९ ते १९०३ ते तिथेच होते, मधली तीन वर्षं कॉर्नेलला. त्यांच्या हातातले खेळाडू हार्वर्ड-पेनच्या मानानं हलके, पण धावायला आणि लाथ मारायला वाकबगार. वॉर्नरनी याच काळात जी रचना बेतली तिला पुढे ‘सिंगल विंग’ म्हणू लागले. तिचं मर्म एवढंच: सेंटरकडून चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे सेंटरच्या लगेच मागे उभ्या गड्याच्या, हातून न फिरवता थेट मागच्या गड्याकडे सोडायचा, आणि एका हाफबॅकला (मागच्या फळीतल्या गड्याला) रांगेच्या टोकाबाहेर, किंचित मागे उभं करायचं. तिथून तो समोरच्या टॅकलला बाजूनं, तिरक्या कोनात धडकतो. समोरासमोर वजनाचा सामना झाला तर हलका गडी हरतो, कोनातून धडकला तर वजनाला फारशी किंमत उरत नाही.

याला पासची जोड अशी मिळे. फुलबॅक पीट हाउझर पंट मारायच्या तयारीत मागे उभा. प्रतिस्पर्धी पंट धरायला दोघे मागे पाठवतो. चेंडू आला की हाउझर आडवा धावत सुटायचा. यानं पाच यार्डांची अट आपोआप पुरी व्हायची, आणि समोरच्यांना तो स्वतः पळतोय की फेकणार आहे हे कळायचं नाही. तेवढ्या वेळात दोन्ही टोकांचे एंड, आल्बर्ट एक्झेंडाइन आणि विल्यम गार्डनर, वीस-तीस यार्ड पुढे निघून जायचे. मग तो पीळ देऊन लांब फेकायचा. पंट, धाव, पास, तिन्ही एकाच उभ्या राहण्यातून. बहुतेक संघ तेव्हा पास हा अडचणीतला जुगार म्हणून तिसऱ्या डाउनला वापरत. कार्लाईलनं तो नेहमीच्या खेळात बसवला. या हंगामाचं मोठेपण माझ्या मते इथे आहे, गुणांच्या बेरजेत नाही.

एक चूक मात्र टाळा: पास कार्लाईलनं शोधला असं लिहू नका. कायदेशीर पास व्यवस्थित वापरणारा पहिला संघ म्हणजे एडी कोकम्स यांचा सेंट लुई विद्यापीठाचा संघ. ५ सप्टेंबर १९०६ ला कॅरोल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सननं पहिला पास फेकला, तो पडला आणि नियमाप्रमाणे चेंडू गेला. पुढे त्याच सामन्यात जॅक श्नायडरला दिलेल्या पासवर टचडाउन झाला. सेंट लुई तो हंगाम अकराच्या अकरा सामने जिंकला. पण पूर्वेकडच्या बड्या संघांशी त्यांची गाठ पडली नाही, म्हणून त्याची चर्चा कमी झाली. कार्लाईलनं तेच हत्यार फिलाडेल्फिया, बोस्टन आणि शिकागोच्या पत्रकारांसमोर चालवलं.

आता ते पाच शनिवार.

२६ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया, फ्रँकलिन फील्ड. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ त्या वर्षी ११ सामने जिंकलं आणि हा एकच हरलं. हाउझरचा गार्डनरला दिलेला सुमारे चाळीस यार्डांचा पास याच सामन्यातला, आणि फुगीर चेंडूनं चाळीस यार्ड म्हणजे काय हे वर वाचलंच आहे. पेनचा बचाव धाव अडवायला रेषेजवळ दाटीनं उभा होता, त्यामुळे डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे धावायला मागे पुरेशी माणसंच नव्हती. २६–६ हा निकाल त्या एका पासनं लागला नाही. पासच्या धाकानं बचाव पसरला आणि मग धावायला वाटा मोकळ्या झाल्या.

२ नोव्हेंबर, न्यूयॉर्क, पोलो ग्राउंड्स. प्रिन्स्टनकडून ०–१६. पाऊस, चिखल, आणि ओला झालेला जड चेंडू. ज्या संघाचा खेळ पकडीवर आणि पायांच्या वेगावर उभा आहे त्याचं हवामानापुढे काय होतं ते इथे दिसतं. पास निसटतो, प्रत्येक निसटलेल्या पासला पंधरा यार्ड जातात, मग संघ पास सोडतो आणि उरतो तो वजनाचा खेळ. हंगाम मोजताना हवामानाचा रकाना का ठेवायचा, ते या सामन्यावरून कळेल.

९ नोव्हेंबर, केंब्रिज, हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम. २३–१५. कार्लाईलनं हार्वर्डला प्रथमच हरवलं. १९०३ मध्ये जर्सीखाली चेंडू लपवून टचडाउन करूनही ते ११–१२ असे एका गुणानं हरले होते. या वेळी लपवाछपवीची गरज पडली नाही. क्वार्टरबॅक फ्रँक माउंट प्लेझंट या सामन्याचा नायक. तो टस्करोरा जमातीचा, पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी आणि तिहेरी उडीत उतरला. अशा पायांचा माणूस पंट झेलून सुटला की हार्वर्डच्या जड रांगेला त्याला गाठणं कठीण होतं.

१६ नोव्हेंबर, मिनियापोलिस. मिनेसोटावर १२–१०. दोन टचडाउन, दोन्हींवर गोल. टचडाउननंतरच्या गोलचा वरचा भाग आठवा: ते दोन गोल हुकले असते तर हा सामना १०–१० सुटला असता.

२३ नोव्हेंबर, शिकागो. पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) त्या वर्षीचा विजेता संघ. त्या कॉन्फरन्सनं सामन्यांची संख्या पाचावर आणली होती, त्यामुळे शिकागोचा हा जेमतेम पाचवा सामना आणि कार्लाईलचा अकरावा. शिकागोचे गडी एक्झेंडाइनला रेषेवरच धरून पाडत होते. मग तो मैदानाच्या कडेबाहेर गेला, शिकागोच्या बाकामागून धावला आणि बराच पुढे पुन्हा आत आला. हाउझर तोवर मागे चेंडू घेऊन पळत वेळ काढत होता. पास मिळाला, टचडाउन झाला. बाहेर जाऊन परत आलेल्यानं पास घेऊ नये असा नियम तेव्हा नव्हता. याचा तपशील बराचसा वॉर्नर आणि एक्झेंडाइन यांच्या नंतरच्या आठवणींतून आला आहे, तेव्हा यार्डांचे आकडे सैल हातानं घ्या. उरलेलं काम हाउझरच्या तीन फील्ड गोलनी केलं.

पाचही सामने परक्या गावात, एकोणतीस दिवसांत, रेल्वेनं. याचं कारण पैसा. कार्लाईलच्या गावातलं मैदान लहान. तिकिटांचं उत्पन्न मोठ्या शहरांत. संघ जाई तिथे हजारो लोक जमत आणि वाटा शाळेच्या क्रीडानिधीत येई. या निधीतून खेळाडूंना कपडे आणि रोख रक्कमही दिली जाई, आणि शिकागोत राहणारे यावापाई जमातीचे डॉक्टर कार्लोस मॉन्टेझुमा यांनी १९०७ मध्येच यावर जाहीर टीका केली. १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीनं शाळेची चौकशी केली, त्यात या निधीचाही हिशेब निघाला.

आणि ही शाळा कॉलेज नव्हतीच. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी जुन्या लष्करी बराकीत काढलेली ती सरकारी निवासी शाळा. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून आणायचं, केस कापायचे, मातृभाषा बोलू द्यायची नाही, नावं बदलायची, हा तिचा कार्यक्रम होता. तिथे मेलेल्या मुलांच्या कबरी त्या आवारात आहेत आणि २०१७ पासून त्यांपैकी काहींचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत दिले जात आहेत. संघाच्या विजयाचं कौतुक करताना हे वगळलं तर हार्वर्डला हरवण्याचा त्या मुलांना काय अर्थ होता हेही कळणार नाही. मला हा भाग तळटीपेत ढकलणं अजिबात पटत नाही.

नावांच्या बदलाचा संशोधनावरही परिणाम होतो. पीट हाउझरचा भाऊ एमिल हाउझर याच संघात होता आणि तो ‘वॉसेका’ या नावानंही छापून येई. दोन भावांच्या कामगिरीची सरमिसळ टाळायची असेल तर जागा पाहा: पीट फुलबॅक, एमिल टॅकल. दुसरी नेहमीची गल्लत जिम थॉर्प या पुढे गाजलेल्या कार्लाईलच्या खेळाडूची. १९०७ हा त्याचा मुख्य संघातला पहिला हंगाम. तो पर्यायी हाफबॅक होता. त्याची गाजलेली वर्षं १९०८, १९११ आणि १९१२, आणि १९०९–१० मध्ये तो कार्लाईलकडून खेळलाच नाही. १९०७ च्या विजयांचं श्रेय त्याला देणारा मजकूर दिसला की त्यातले बाकीचे आकडेही पुन्हा तपासा.

तपासायची रीत साधी आहे. प्रत्येक सामन्यासाठी यजमान शहराचं एक वर्तमानपत्र, न्यूयॉर्कचं एक, आणि शाळेचं साप्ताहिक ‘द ॲरो’, असे तीन वृत्तांत घ्या. तिन्हींत गुण जुळले तरच पक्के धरा. यार्डांत फरक येणारच, कारण अधिकृत मोजणी नव्हती. पत्रकार आपापल्या वहीत मोजत. शाळेची बरीच कागदपत्रं डिकिन्सन कॉलेजनं डिजिटल करून खुली ठेवली आहेत. बदली खेळाडूंची नोंदही पाहा: तेव्हा एकदा बाहेर गेलेला गडी परत येऊ शकत नसे, म्हणून दुसऱ्या भागात आघाडी घटली असेल तर कोण बाहेर गेलं ते आधी शोधा.

राहिला राष्ट्रीय विजेत्याचा प्रश्न. १९०७ मध्ये असा किताब देणारी कुठली संस्थाच नव्हती. आज ज्या याद्या दिसतात त्या पुढच्या काळातल्या निवडकर्त्यांनी मागे वळून केलेल्या आहेत, आणि त्यांत १९०७ साठी येलचं नाव येतं: ९ विजय, आर्मीशी एक ०–० बरोबरी, पराभव नाही. समान प्रतिस्पर्ध्यांवरून पाहिलं तरी येलचं पारडं जड आहे. येलनं प्रिन्स्टनला १२–१० आणि हार्वर्डला १२–० हरवलं; कार्लाईल प्रिन्स्टनकडून हरलं आणि हार्वर्डला १५ गुण देऊन जिंकलं. कार्लाईलच्या बाजूनं सांगता येतं ते असं की येलला पेन, मिनेसोटा, शिकागो असे तीन प्रांतांतले संघ एका महिन्यात परक्या मैदानांवर खेळावे लागले नाहीत. मी क्रम लावला तर येल पहिलं आणि कार्लाईल दुसरं, पेन व प्रिन्स्टनच्या वर. प्रिन्स्टनचा तो चिखलातला सामना जमेस धरूनही. येल आणि कार्लाईल त्या वर्षी एकमेकांशी खेळलेच नाहीत.